तीनशे आजारी कुंड्या: बोन्सायमधल्या उमेची पार्श्वभूमी

बोन्साय करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो: हा झाडाचा छळ नाही का? विचारणाऱ्याला तो नवा वाटतो, पण चीनमधल्या एका कवीने तो 1839 सालीच विचारून ठेवला आहे, आणि तोही नेमका एका झाडाबद्दल. चिनी लोक त्या झाडाला मेइ म्हणतात, जपानी लोक उमे. ऐन थंडीत, अंगावर एकही पान नसताना फुलणारं हे झाड बोन्सायच्या जगात फार मानाचं आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर छळाचा प्रश्न त्यात अगदी मध्यभागी बसलेला दिसतो.

आधी नावाचा घोळ. इंग्रजी अनुवादकांनी याला ‘प्लम’ म्हटलं, म्हणून आपल्याकडे ‘आलुबुखाराचं फूल’ असे उल्लेख वाचायला मिळतात. प्रत्यक्षात हे झाड जर्दाळूच्या जास्त जवळचं आहे. त्याचं शास्त्रीय नाव प्रुनस मुमे. ते सीबोल्ट आणि त्सुकारिनी या दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलं, आणि त्यातला ‘मुमे’ हा उमेचाच जुना जपानी उच्चार. फळ इतकं आंबट की ते खारवूनच खातात. जपानची उमेबोशी ती हीच.

झाड मूळ चीनचं. तिथे बागेतल्या फळझाडाचं रसिकांच्या झाडात रूपांतर झालं ते मुख्यतः सोंग राजवटीत. हांगचौच्या पश्चिम सरोवरातल्या एका टेकडीवर लिन बू नावाचा कवी एकटाच राहायचा. त्याने लग्न केलं नाही; मेइ ही त्याची बायको आणि क्रौंच ही त्याची मुलं, असं लोक म्हणत. उथळ पाण्यावर पडलेली विरळ, तिरपी सावली आणि चांदण्यात तरंगणारा गंध, हे मेइचं चित्र त्याच्या ओळींमुळे कायमचं ठरून गेलं. पुढे काळ्या शाईतल्या मेइ-चित्रांची परंपरा सुरू झाली. तिचा उगम झोंगरेन या बौद्ध भिक्षूकडे नेला जातो. चंद्रप्रकाशात खिडकीच्या कागदावर पडलेली फांदीची सावली पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. मला ती फार महत्त्वाची वाटते. या झाडाच्या बाबतीत सौंदर्याची कल्पना आधी सावलीवरून ठरली आणि मग जिवंत झाडाला त्या सावलीसारखं व्हावं लागलं.

बाराव्या शतकात फान चंगदा या कवीने मेइच्या प्रकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या झाडावरचा हा सर्वांत जुना ग्रंथ मानतात. तिरपी, विरळ, कृश फांदी आणि म्हाताऱ्या, चमत्कारिक वळणाच्या डहाळ्या हेच मोलाचं, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. नवीन कलमांवर वर्षभरात तीन-चार फूट सरळसोट वाढणाऱ्या फुटव्यांबद्दल त्याला तिटकारा होता. आपल्या बागायतदाराच्या भाषेत ते पाणसोट. फळं विकून पैसा करायचा असेल तर ते ठीक, बाकी त्यांत काही नाही, असं त्याचं मत. त्याच ग्रंथात त्याच्या फसलेल्या हौसेचीही नोंद आहे. शेवाळाने मढलेली दहा जुनी झाडं त्याने कुआइजीहून, म्हणजे आजच्या शाओशिंगकडून, आणून लावली. वर्षभराने फुलं भरपूर आली, पण शेवाळ जवळजवळ सगळं गळून गेलं. म्हातारपण असं उचलून आणता येत नाही, हे त्याला त्या बागेत कळलं असणार.

पण बाजाराला म्हातारपण लवकर हवं होतं. रसिकांची आवड माळ्यांपर्यंत पोचली आणि तिचा धंदा झाला. सूचौमध्ये खोड उभं चिरून अर्ध्या खोडावर झाड जगवायची रीत होती. आन्हुइ प्रांतात कोवळ्या खोडाला डावी-उजवी वळणं देत पोहणाऱ्या ड्रॅगनसारखा आकार आणत. बांधायला तार नव्हे, तर एका ताडवर्गीय झाडाच्या काथ्याची दोरी वापरत.

हे सगळं पाहून अस्वस्थ झालेला माणूस म्हणजे गोंग झिझेन. हांगचौचा कवी, बीजिंगमध्ये सरकारी नोकरीत. 1839 साली नोकरी सोडून तो दक्षिणेला परतला आणि त्याच वर्षी त्याने ‘आजारी मेइंच्या घराची नोंद’ हा छोटासा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं: विद्वान आणि चित्रकार उघडपणे आज्ञा देत नाहीत, पण त्यांची छुपी आवड कुणीतरी विक्रेत्यांच्या कानावर घालतं. मग सरळ खोड तोडलं जातं, बाजूची फांदी पोसली जाते, दाटी विरळ केली जाते, कोवळे फुटवे मारले जातात, कारण त्याला किंमत जास्त येते. आणि त्या साऱ्या मुलखातली मेइची झाडं आजारी पडतात. गोंगने अशा 300 कुंड्या विकत घेतल्या. एकही झाड धड नव्हतं. तीन दिवस तो रडला. मग त्याने कुंड्या फोडल्या, झाडं जमिनीत लावली, काथ्याच्या गाठी सोडल्या आणि पाच वर्षांत ती पूर्ववत करीन अशी शपथ घेतली.

हा लेख राजसत्तेने वाकवलेल्या बुद्धिमान माणसांबद्दल आहे, असंच त्याचे वाचक समजत आले आहेत, आणि ते खरंच आहे. तरी मला तो झाडांबद्दलही तितकाच खरा वाटतो. गोंग 1841 साली वारला. त्याची पाच वर्षं पुरी झालीच नाहीत.

जपानमध्ये उमे आलं चीनमधूनच, आणि आठव्या शतकापर्यंत दरबारी लोकांचं ते लाडकं फूल झालं होतं. ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहात उमेवरच्या कविता साकुरावरच्या, म्हणजे चेरीच्या फुलांवरच्या, कवितांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. 730 साली दक्षिणेकडच्या दाझाइफू या सरकारी ठाण्यात ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याच्या घरी उमेच्या फुलांची मेजवानी झाली. तिथल्या कवितांच्या प्रस्तावनेतून 2019 साली जपानच्या नव्या कालखंडाचं ‘रेइवा’ हे नाव घेतलं गेलं. दाझाइफूलाच पुढे सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी हद्दपार होऊन आला, आणि त्याच्या अंगणातलं उमे क्योतोहून उडत त्याच्यामागे आलं अशी कथा आहे.

कुंडीतल्या उमेची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ‘नो’ या जपानच्या जुन्या नाट्यप्रकारातली आहे. ‘हाची नो कि’ म्हणजे कुंडीतली झाडं. बर्फाच्या रात्री एक गरीब सामुराई दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली शेवटची तीन झाडं जाळतो: उमे, साकुरा आणि पाइन. भिक्षू निघतो वेषांतर केलेला राज्यकर्ता होजो तोकियोरी. बक्षीस म्हणून सामुराईला तीन जहागिऱ्या मिळतात आणि तिन्ही गावांच्या नावांत ती तीन झाडं आहेत: उमेदा, साकुराइ, मात्सुइदा (मात्सु म्हणजे पाइन). गरिबीतही माणूस कुंडीतलं झाड शेवटपर्यंत सांभाळतो, हे त्या प्रेक्षकांना पटत होतं, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं.

जुन्या चांद्र पंचांगात नववर्ष आणि उमेचा बहर जवळजवळ येत. 1873 पासून जपानने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं, नववर्ष कडाक्याच्या थंडीत मागे सरकलं, आणि सणाला फुललेली कुंडी हवी म्हणून झाड उबेला ठेवून फुलवावं लागू लागलं. बिवा सरोवराकाठच्या नागाहामा गावात मात्र 1952 पासून दर हिवाळ्यात उमे-बोन्सायचं प्रदर्शन भरतं, जानेवारी ते मार्च. तिथली काही झाडं माणसापेक्षा उंच आहेत, आणि काहींचं वय 400 वर्षं सांगतात. पोकळ, फाटलेलं खोड आणि एका कडेच्या जिवंत सालीवर उभा असलेला फुलांचा डोलारा.

ते पाहून गोंगचा आरोप आठवतोच. पण पोकळ होणं हा उमेचा स्वभावही आहे. मोठ्या जखमेमागचं लाकूड कुजतं आणि सालीची एक पट्टी झाडाला तारून नेते. आजारी आणि म्हातारं झाड वेगळं ओळखायची खूण माझ्या मते खोडात नसून डहाळीत आहे. उमेचे कळे त्याच वर्षीच्या फुटीवर उन्हाळ्यात धरतात. त्यासाठी जपानी माळी जूनमध्ये पाणी तोडतात. आपण संत्र्याला, डाळिंबाला ताण देतो तसंच. सशक्त डहाळीवर फुलांच्या कळ्यांबरोबर पानांचे डोळेही असतात. अशक्त डहाळीवर सगळे कळे फुलांचेच. ती भरभरून फुलते, पाहणारा खूश होतो, आणि नंतर पान फुटायला डोळाच नसल्याने ती वाळून जाते. म्हणून जाणता माळी फुलं सुकायची वाट पाहत नाही. बहर ओसरायच्या आधीच ती खुडतो, प्रत्येक डहाळीवर पानाचा एक-दोन डोळा शोधतो, आणि त्याच्या वर कात्री लावतो.