शैवालफुलोरा निरीक्षण (इंदूर)

तलावात नील-हरित शैवाल अतोनात वाढून पाण्यावर साय धरते. त्यावर काठच्या नागरिकांनी ठेवलेली नियमित नजर म्हणजे शैवालफुलोरा निरीक्षण. नाव शैवाल असले, तरी हे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. इंदूर परिसरात सिरपूर, बिलावली आणि यशवंतसागर या तलावांवर हे काम करण्याजोगे आहे. सिरपूर व यशवंतसागर २०२२ साली रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. यशवंतसागरचे पाणी शहराच्या नळांनाही येते, म्हणून तिथली नोंद पक्ष्यांइतकीच माणसांच्याही कामाची.

सांडपाणी, शेतातले खत आणि निर्माल्य यांतून फॉस्फरस साचतो. त्यात पाणी उथळ, संथ आणि तापलेले असले की फुलोरा येतो. उन्हाळा आणि ऑक्टोबरची उष्मा हे दिवस विशेष जपायचे.

सर्वांत जास्त चुका जागा निवडण्यात होतात. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. वारा पडलेल्या रात्री त्या तरंगत वर येतात आणि सकाळच्या झुळुकीने एका काठाला लोटल्या जातात. पावसाळ्यात इथला वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे साय पूर्वेकडच्या काठाला. सोयीचा म्हणून घाटावरच नमुना घेतला, तर तलाव हिरवा असतानाही वहीत ‘स्वच्छ’ असे लिहिले जाते. ठरलेल्या दोन-तीन जागा, सकाळची एकच वेळ आणि दर पंधरवड्याला फेरी हवी; साय दिसू लागली की दर आठवड्याला. काही न दिसल्याची नोंदही तितकीच मोलाची, ती कधीही गाळू नये.

आधी काठी बुडवून पाहतात. केसांसारखे धागे लटकले, तर ते निरुपद्रवी तंतुशैवाल. काठी ऑइल पेंटमध्ये बुडवल्यासारखी निघाली, तर संशय बळावतो. सुकत्या सायीच्या कडेला निळसर छटा दिसते; ती फुटलेल्या पेशींतून सुटलेल्या रंगद्रव्याची. पारदर्शकतेसाठी २० सेंमी व्यासाची काळी-पांढरी सेकी तबकडी सावलीच्या बाजूने सोडतात आणि दिसेनाशी होण्याची व पुन्हा दिसण्याची खोली यांची सरासरी घेतात.

सूक्ष्मदर्शकासाठी १०० मिलि पाण्यात ल्यूगोल आयोडिन (नमुना टिकवणारे आयोडिनचे द्रावण) थेंबाथेंबाने, साधारण १ मिलिपर्यंत, फिक्या चहाचा रंग येईतो घालतात. काही नील-हरित शैवाल विष तयार करतात; त्या विषाच्या तपासणीची बाटली वेगळी: तपकिरी काचेची, आयोडिनविना, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायची. काही प्लास्टिकना विष चिकटते आणि आकडा खोटा कमी येतो. हातमोजे घालावेत, पाण्यात उतरू नये, गुरे व कुत्री लांब ठेवावीत.

रंगावरून विष ठरत नाही. त्याच फुलोऱ्यात विषारी आणि बिनविषारी वाण शेजारी-शेजारी असतात. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर हे शैवालविष लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकालीन मर्यादा. यकृताला घातक असलेले हे विष पाणी उकळून जात नाही; उलट पेशी फुटून पाण्यात उतरते. मोरचूद टाकल्यानेही तेच घडते.