सूचना योजना

सूचना योजना : कामगारांकडून त्यांच्याच कामातील अडचणींवर उपाय मागवणे, ते तपासणे, पटल्यास अमलात आणणे आणि त्याबद्दल बक्षीस देणे, अशी आस्थापनेतील व्यवस्था. कार्यालयाबाहेरची सूचना पेटी हे तिचे सर्वपरिचित रूप.

योजनेचा उगम वादग्रस्त आहे. जपानी शोगुन (लष्करी सत्ताधीश) तोकुगावा योशिमुने याने १७२१ मध्ये एडो (सध्याचे टोकियो) येथे ठेवलेल्या ‘मेयासुबाको’ या पेटीपासून इतिहास सुरू करण्याचा प्रघात आहे. पेटी कुलूपबंद असे, अर्ज शोगुन स्वतः पाही आणि निनावी अर्जांचा विचार होत नसे. ओगावा शोसेन या वैद्याच्या अर्जावरून कोइशिकावा येथे १७२२ मध्ये गोरगरिबांसाठी रुग्णालय निघाले. तथापि ही प्रजेची दाद मागण्याची सोय होती. कारागिराने स्वतःच्या कामाची रीत सुधारावी, हा तिचा हेतू नव्हता. त्यामुळे औद्योगिक योजनेचा आरंभ स्कॉटलंडमधील डंबार्टन येथील डेनी जहाजबांधणी कारखान्यात, १८८० च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तेथे नवे अवजार, जुन्या यंत्रातील सुधारणा, कामाची नवी मांडणी किंवा अपघात टाळण्याची युक्ती सुचवणाऱ्या कामगाराला समितीमार्फत रोख बक्षीस मिळे. अमेरिकी लेखक सहसा डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या १८९० नंतरच्या दशकातील योजनेला अग्रमान देतात. ईस्टमन कोडॅकची योजना १८९८ ची. खिडक्या धुतल्यास उजेड वाढेल, या साध्या सूचनेला तेथे दोन डॉलर मिळाल्याची नोंद वारंवार उद्धृत होते.

जपानमधील आधुनिक योजनेच्या मुळाबद्दलही दोन मते आहेत. टोयोटाने १९५१ मध्ये ‘सर्जनशील कल्पना सूचना पद्धती’ सुरू केली. कंपनीचे अधिकारी एइजी तोयोदा आणि शोइची साइतो यांनी १९५० मध्ये फोर्ड कारखान्यांना दिलेल्या भेटींतून ती आली, असे सामान्यतः सांगतात. दुसरे मत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या अमेरिकी प्रशिक्षणक्रमाकडे बोट दाखवते. युद्धानंतर जपान अमेरिकेच्या नेतृत्वाखालील दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना तो तेथे पोहोचला. त्यातील कार्यपद्धती-पाठात कामाचा प्रत्येक बारीक टप्पा कागदावर उतरवून ‘हे हवेच कशाला?’ असे विचारायचे, मग टप्पा गाळायचा, जोडायचा, क्रम बदलायचा किंवा सोपा करायचा. पेटी आणि बक्षीस फोर्डकडून आले असले, तरी उपाय शोधण्याची शिस्त या पाठाने दिली असावी.

प्रौढ माणसाला अशा व्यवस्थेची गरज का पडते, याचा उलगडा मानसशास्त्रात मिळतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या प्रसिद्ध कोड्यात मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगतात. खोका रिकामा करून भिंतीला टाचला की फळी तयार होते; पण ‘खोका टाचण्या ठेवण्यासाठी’ ही समजूत वाट अडवते. मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये हेच कोडे घालताना काहींना रोख बक्षिसाचे आमिष दाखवले, तेव्हा त्यांना आमिष नसलेल्यांपेक्षा सुमारे साडेतीन मिनिटे जास्तच लागली. टाचण्या खोक्याबाहेर ठेवल्यावर मात्र बक्षीसवाले पुढे गेले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांत ही अडवणूक दिसली नाही, सहा-सात वर्षांच्या मुलांत दिसली. वापराची सवय जितकी पक्की, तितकी ती मोडण्यास मुद्दाम निमित्त लागते, आणि कारखान्यात ते योजनेने पुरवायचे असते.

केवळ बक्षिसाच्या आमिषाने ही सवय मोडत नाही; म्हणूनच बक्षिसाच्या रकमेपेक्षा सूचनेला मिळणाऱ्या उत्तराच्या वेगाला महत्त्व द्यावयास हवे. पाश्चात्त्य योजनांत वार्षिक बचतीचा काही टक्के भाग देण्याची पद्धत रूढ झाली. मोठ्या सूचनांची वाट पाहिली जाऊ लागली, हिशेबाचे तंटे वाढले आणि निर्णय लांबले. जपानी पद्धतीत रक्कम किरकोळ असते, सूचना लहान पण पुष्कळ असतात, पर्यवेक्षक लगेच कळवतो आणि शक्य तेथे सुचवणाराच बदल करून पाहतो. नकार द्यायचा झाल्यास कारण सांगणे आवश्यक, कारण उत्तरच न मिळालेला कामगार सहसा दुसरी सूचना देत नाही.

भारतात भेल कंपनीच्या हैदराबाद येथील कारखान्यात १९८० मध्ये गुणवत्ता मंडळे (क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातील अडचणी एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे छोटे गट) सुरू झाली. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज या पट्ट्यांतील वाहन व सुट्या भागांच्या कारखान्यांत ‘कायझेन’ (सतत होणारी लहान-लहान सुधारणा) हा जपानी शब्द शॉप फ्लोअरवर रुळला आहे. अशा प्रत्येक सुधारणेची नोंद करणाऱ्या कायझेन शीटवर अडचण, मूळ कारण, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे, झालेला फायदा आणि करणाऱ्यांची नावे असतात. अनेक ठिकाणी हाच बदल आणखी कोणत्या मशिनवर करता येईल, यासाठी ‘हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट’ असा वेगळा रकानाही ठेवतात.