कपड्यांनिशी समुद्रात: कास्तेलोरिझोच्या 19 जुलैची पार्श्वभूमी

ग्रीसच्या नकाशात कास्तेलोरिझो बहुतेक वेळा आपल्या जागी नसतंच. एका कोपऱ्यात वेगळी चौकट आखून त्यात ते बसवलेलं असतं. रोड्स बेटापासून ते साधारण 125 किलोमीटर पूर्वेला आहे आणि तुर्कस्तानचा किनारा समोर जेमतेम 2 किलोमीटरवर. क्षेत्रफळ 9 चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती 500 च्या घरात. गंमत म्हणजे याचं अधिकृत नाव मेयिस्ती, म्हणजे ‘सगळ्यांत मोठं’. आजूबाजूच्या चिमुकल्या खडकांच्या तुलनेत ते खरंही आहे.

या बेटावर दरवर्षी 19 जुलैला, प्रोफितिस इलियास या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बंदरात उड्या मारतात. आधी पोरंटोरं, मग तरुण, मग ‘मी नाही हं’ म्हणत उभे राहिलेले काका-मावशा. बेटाचं बंदर घोड्याच्या नालासारखं, धक्क्याला कठडा नाही. खानावळींची टेबलं पाण्याला इतकी खेटून मांडलेली की खुर्ची दोन वीत मागे सरकली तर बसणारा थेट समुद्रात. त्यामुळे त्या दिवशी कुणाला भिजवायला फार कष्ट पडत नाहीत. पाहुण्यांनाही यात सहभागी होता येतं. शहाण्या माणसाने पाकीट, मोबाइल आणि घड्याळ आधीच टेबलावर काढून ठेवावं.

बघणाऱ्याला हा निव्वळ उन्हाळी दंगा वाटेल, आणि आज तो बऱ्याच अंशी तसाच आहे. पण तो नेमका याच संताच्या नावाने का, आणि याच बेटावर एवढा का रुजला, हे बघायचं तर दोन गोष्टींकडे वळावं लागतं: एक आकाशातलं पाणी, दुसरं समुद्रातलं.

प्रोफितिस इलियास म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला संदेष्टा एलीया. ग्रीक माणसाच्या लेखी हा पावसाचा, विजेचा, गडगडाटाचा संत. ढग गडगडले की तो आकाशात रथ हाकतोय, असं लोक म्हणत आले. रथाचा संबंध उघड आहे, कारण एलीया अग्निरथातून स्वर्गात गेला. पावसाची कथा ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात येते. देशात दुष्काळ पडला आहे. कर्मेल डोंगरावर एलीया वेदी रचतो आणि त्या कोरड्याठाक दिवसांत वेदीवर चार घागरी पाणी ओतायला लावतो. एकदा नाही, तीनदा. वेदीभोवतीचा चर पाण्याने भरतो. वरून अग्नी पडतो आणि ते पाणीसुद्धा चाटून जातो. मग एलीया नोकराला सांगतो, जा, समुद्राकडे बघून ये. सहा वेळा तो ‘काही नाही’ म्हणत परत येतो. सातव्यांदा म्हणतो, समुद्रातून माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येतोय. आणि मग धो धो पाऊस.

दुष्काळात पाणी उधळायचं आणि पावसासाठी समुद्राकडे डोळे लावायचे: कास्तेलोरिझोच्या माणसाला ही कथा परकी वाटायचं कारण नव्हतं. सण येतो 20 जुलैला, ऐन कोरड्या दिवसांत. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. जुलैत आभाळ निळंशार आणि जमीन भाजलेली. पावसाच्या संताचा उत्सव पाऊस सगळ्यांत दूर असताना होतो, यातच बरंच काही आलं.

या संताची चॅपलं, म्हणजे छोटी प्रार्थनामंदिरं, ग्रीसभर डोंगरमाथ्यांवर असतात. त्यावरून एक लोकप्रिय मत निघालं की हा मुळात सूर्यदेव हेलिओसच. नव्या धर्मात त्याचं नुसतं नाव बदललं. आजच्या ग्रीकमध्ये सूर्याला ‘इलिओस’ म्हणतात, संत ‘इलियास’, आणि शेजारचं रोड्स तर हेलिओसचंच बेट. त्याचा तो प्रचंड पुतळा तिथेच उभा होता. ऐकायला हे मत फारच सुबक आहे, म्हणूनच मला ते थोडं संशयास्पद वाटतं. डोंगरमाथा, ढग आणि वीज हे सूर्यापेक्षा देवांचा राजा झ्यूसचं खातं. वारसा शोधायचाच तर तिकडे शोधावा.

त्यापेक्षा खलाशांमध्ये सांगितली जाणारी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्यांच्या मते इलियास मुळात दर्यावर्दी. वादळं, बुडालेली जहाजं, सोबत्यांचे मृत्यू यांनी तो इतका विटला की एक दिवस वल्हं खांद्यावर टाकून किनाऱ्यापासून आत चालू लागला. भेटेल त्याला विचारायचा, हे काय आहे? ‘वल्हं’ असं उत्तर मिळालं की पुढे चालायचा. चालता चालता डोंगरावर अशा गावात पोचला जिथे लोक म्हणाले, ‘लाकडाचा दांडका आहे की!’ तिथेच त्याने मुक्काम ठोकला. म्हणून त्याची चॅपलं डोंगरावर. होमरचं ‘ओडिसी’ वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात भेटलेला भविष्यवेत्ता तिरेसियस कथानायक ओडिसियसला जवळजवळ हेच सांगतो: वल्हं घेऊन आत जा, आणि कुणी त्याला धान्य उफणायचं फावडं समजलं की ते तिथे रोव. म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी कथा एका ज्यू संदेष्ट्याच्या अंगावर चढली. आणि समुद्राला कंटाळून डोंगरावर गेलेल्या याच संताच्या नावाने एक अख्खं बेट समुद्रात उडी घेतं!

उडी कपड्यांनिशी का? पोहायला कपडे काढतात, विधीला नाही. उत्तर ग्रीसमध्ये थ्रेस, मॅसिडोनिया, एपिरस या भागांत दुष्काळात ‘पेरपेरुना’ निघायची. एखाद्या पोरीला हिरव्या डहाळ्यांनी झाकून दारोदार नेत, गाणं म्हणत, आणि घरची बाई तिच्यावर पाणी ओतत असे. आपल्याकडे कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरतात, तिचीच ही दूरची बहीण. अंगावर सगळं असताना माणसाला चिंब करायचं, कारण पाऊस तसाच भिजवतो. कास्तेलोरिझोची उडी याच कुळातली असावी, असा माझा तर्क आहे.

पाण्याशी चाललेल्या अशा खेळांकडे चर्चने अनेकदा तिरप्या नजरेने पाहिलं. याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण ‘क्लिदोनास’. हा सण 24 जूनचा, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या जन्मदिवसाचा. आदल्या दिवशी मुली विहिरीवरून किंवा झऱ्यावरून ‘अमिलितो नेरो’ आणतात, म्हणजे न बोलता आणलेलं पाणी. वाटेत पोरं त्यांना हसवायला, बोलतं करायला टपलेली असतात. कुणी बोललं की भांडं ओतायचं आणि परत जायचं. त्या पाण्यात प्रत्येकीची अंगठी, बटण, असलं काहीतरी टाकून भांडं रात्रभर चांदण्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू काढताना दोन ओळींचं गाणं म्हणतात, आणि जिची वस्तू तिचं ते भविष्य. बहुतेक वेळा प्रश्न नवऱ्याचा असतो.

692 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या 65 व्या नियमात अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला घरांपुढे होळ्या पेटवून त्यावरून उड्या मारायला बंदी घातली. बाराव्या शतकात या नियमावर भाष्य लिहिताना चर्चचा कायदेपंडित थिओडोर बाल्सामॉनने 23 जूनच्या संध्याकाळचं वर्णन केलं आहे. मुलीला नवरीसारखं सजवतात, अरुंद तोंडाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात समुद्राचं पाणी घेतात, प्रत्येकाची वस्तू त्यात टाकतात आणि मुलीला भविष्य विचारतात. निषेध करायला बसलेल्या माणसाने इतके बारीक तपशील लिहून ठेवले म्हणून तर आपल्याला ते कळतात. या निषेधानंतरही क्लिदोनास टिकला. बेटांवर तो आजही होतो.

याच 24 जूनला, याच संताच्या नावाने, गोव्यात सांजांव असतो. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालून माणसं भर पावसात विहिरीत उड्या घेतात. गोव्यात तोवर विहिरी भरत आलेल्या असतात, ग्रीक बेटांवर त्या आटत चाललेल्या. तारीख एकच असली तरी पाण्याचा भाव वेगळा.

हा भावच कास्तेलोरिझोचा कळीचा मुद्दा आहे. बेट चुनखडीचं, त्यावर नदी नाही. मालवणच्या सिंधुदुर्गासारखं भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव असं गोड्या पाण्याचं भाग्य इथल्या खडकाला मिळालं नाही. हिवाळ्यात छपरावर पडलेला पाऊस हौदात साठवायचा आणि तो पुढचा हिवाळा येईपर्यंत पुरवायचा, असा शतकानुशतकांचा हिशेब. ज्या घरात जुलैतलं गोडं पाणी तांब्यातांब्याने मोजलं जाई, तिथे ते एकमेकांवर उडवायची कुणाची हिंमत होणार? खेळायला फुकटचं पाणी एकच, धक्क्याला लागून असलेलं.

त्या खाऱ्या पाण्यावर बेट श्रीमंतही झालं. एकोणिसाव्या शतकात कास्तेलोरिझोची शिडाची जहाजं समोरच्या अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातून, लाकूड आणि लोणारी कोळसा भरून अलेक्झांड्रियापर्यंत जात. शतकाच्या अखेरीस वस्ती 8 ते 10 हजारांवर होती. धक्क्यामागे एकाला एक लागून उभी असलेली उंच, अरुंद, रंगीत घरं त्या पैशातली.

मग विसावं शतक आलं. 1913 साली लोकांनी तुर्की अधिकाऱ्यांना हाकललं, 1915 च्या डिसेंबरात फ्रेंच आले, 1921 साली इटालियन. 1923 नंतर समोरचा किनारा तुटला आणि त्याबरोबर व्यापारही. जानेवारी 1917 मध्ये समोरच्या किनाऱ्यावरच्या तुर्की तोफांनी ‘बेन-माय-श्री’ हे ब्रिटिशांचं विमानवाहू जहाज बुडवलं, तेही याच बंदरात. आज जिथे पोरं सूर मारतात तिथे तो सांगाडा काही वर्षं पडून होता. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली जर्मन बॉम्बहल्ले झाले, लोकांना सायप्रसला आणि तिथून गाझाजवळच्या छावणीत हलवलं गेलं. मागे राहिलेलं गाव 1944 च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळालं. युद्ध संपल्यावर, सप्टेंबर 1945 मध्ये, घरी परतणाऱ्यांना घेऊन ‘एम्पायर पॅट्रोल’ हे जहाज पोर्ट सैदहून निघालं आणि भर समुद्रात पेटलं. 33 जण गेले. दोदेकानिस बेटं, ज्यांत कास्तेलोरिझोही येतं, 1947 च्या पॅरिस तहाने ग्रीसला मिळाली तेव्हा कास्तेलोरिझोवर मिळवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

बरेचसे लोक तोवर ऑस्ट्रेलियाला गेले होते, पर्थला आणि सिडनीला. तिथे त्यांना ‘कॅझी’ म्हणतात, आणि बेटावरच्या मूठभर वस्तीपेक्षा त्यांचे वंशज कितीतरी पटींनी जास्त आहेत. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जुलैत, त्यातले पुष्कळजण आजोबांची घरं उघडायला येतात. त्यामुळे 19 जुलैला बंदरात उडी घेताना ज्या आरोळ्या ऐकू येतात त्या ग्रीक असतात तशा ऑस्ट्रेलियन इंग्रजीतल्याही. एरवी रिकाम्या वाटणाऱ्या बेटावर त्या आठवड्यात धक्क्यावर उभं राहायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी, 20 तारखेला, प्रार्थना आणि मग खाणं, वाद्यं, नाच. रात्री भिजलेले कपडे तोवर बाल्कन्यांतल्या दोऱ्यांवर वाळून कडक झालेले असतात, काठांवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली. ते मीठ काढायला मात्र गोडं पाणीच लागतं.