एलिक्सर (सोर्स कोड ब्राउझर)

एलिक्सर हे वेब ब्राउझरमधून सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) वाचण्यासाठी बनवलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. एम्बेडेड लिनक्सचे (उपकरणांच्या आत चालणाऱ्या लिनक्सचे) काम करणाऱ्या बूटलिन या फ्रेंच कंपनीने ते तयार केले. याच नावाची एक प्रोग्रॅमिंग भाषा आहे, तिचा इथे काही संबंध नाही. हे एलिक्सर मुख्यतः पायथन आणि शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहे.

लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड वाचताना एखादे नाव आडवे येते, उदाहरणार्थ ‘कंटेनर_ऑफ’. त्यावर क्लिक केले की ते कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर आणि कोणत्या रूपात (फंक्शन, मॅक्रो म्हणजे कोडचा संक्षेप, की स्ट्रक्ट म्हणजे माहितीची रचना) घडवले आहे ते दिसते, आणि खाली ते जिथे जिथे वापरले आहे त्या फाइलींची लांबलचक यादी येते. डावीकडून कर्नलची आवृत्ती बदलली की तोच प्रश्न जुन्या कोडला विचारता येतो. ५.१५ मध्ये ‘कर्नल.एच’ या हेडरमध्ये (इतर फाइलींत ओढून घेतल्या जाणाऱ्या फाइलीत) राहणारा हा मॅक्रो ५.१६ मध्ये स्वतःच्या वेगळ्या हेडरमध्ये राहायला गेलेला दिसतो. जुन्या कर्नलवर ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) चालवणाऱ्यांना या पत्ताबदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

एलिक्सरच्या आधी हे काम एलएक्सआर करत असे. १९९० च्या दशकात नॉर्वेत जन्मलेला, पर्लमध्ये लिहिलेला हा प्रकल्प या जातीच्या सगळ्या साधनांचा पूर्वज म्हणता येईल. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही आपल्या कोडसाठी त्याचीच सुधारित आवृत्ती कैक वर्षे वापरली. बूटलिनही (तेव्हाचे नाव फ्री इलेक्ट्रॉन्स) एलएक्सआरच चालवत होती. एलिक्सर मात्र नव्याने लिहिले गेले. तरी ते बसवताना कोडचे भांडार आणि सूची कुठे आहे हे सांगणाऱ्या ज्या दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंग) भराव्या लागतात, त्यांच्या नावांआधी अजून ‘एलएक्सआर’ लागते. घर नवे, पाटी जुनी.

नव्याने लिहिण्याचे फळ साठवणुकीत दिसते. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) कोणत्याही फाइलचा मजकूर ‘ब्लॉब’ म्हणून ठेवते आणि मजकुरावरूनच त्याची ओळख ठरवते. दोन आवृत्त्यांत फाइल जशीच्या तशी असेल तर ब्लॉबही एकच. एलिक्सर आवृत्त्यांची नव्हे, या ब्लॉबची सूची करते. नवी आवृत्ती आली की बदललेल्या फाइली तेवढ्या वाचायच्या, बाकीच्या आधीच वाचून झालेल्या असतात. म्हणूनच शेकडो आवृत्त्या एका सर्व्हरवर मावतात. नावे कुठे घडवली आहेत हे सीटॅग्स हा प्रोग्रॅम शोधतो आणि सूची बर्कली डीबी या डेटाबेसमध्ये जाते. पाने आधीपासून बनवून ठेवलेली नसतात. मागणी आली की गिटमधून फाइल काढून, रंगवून, दुवे जोडून समोर ठेवली जाते.

एलिक्सरला कोड ‘कळत’ मात्र नाही. ते शब्द ओळखते, अर्थ नाही. दोन ड्रायव्हरांत एकाच नावाची दोन फंक्शने असली तर दोन्ही दाखवते आणि निवड वाचणाऱ्यावर सोडते. मोझिलाचे सर्चफॉक्स हे असेच साधन सी++ कोडसाठी कंपायलरचीच (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाचीच) मदत घेत असल्याने तिथे उत्तर नेमके मिळते. पण त्यासाठी कोड आधी कंपाइल व्हावा लागतो. कर्नलच्या डझनावारी आर्किटेक्चर (प्रोसेसरचे प्रकार) आणि हजारो कॉन्फिगरेशन पर्यायांपुढे एलिक्सरचा अडाणीपणाच सोयीचा ठरतो. अमुक पर्याय बंद होता म्हणून अमुक फाइल सूचीतून गळली, असे इथे होत नाही.

एलिक्सरच्या विकासाला हातभार लावायचा तर सर्वांत सोपी जागा म्हणजे नवा प्रकल्प जोडणे. प्रत्येक प्रकल्प आपल्या आवृत्त्यांना वेगळ्या तऱ्हेने नावे देतो, आणि अक्षरक्रमाने लावल्यास ५.१० ही ५.९ च्या आधी येऊन बसते. अशा ठिकाणी छोटी शेल स्क्रिप्ट लिहून आवृत्त्यांचा मेनू जुळवून घ्यावा लागतो. पुढची पायरी फिल्टरांची, म्हणजे पान दाखवताना मजकुरात दुवे घालणाऱ्या छोट्या तुकड्यांची: हेडर फाइलींची नावे, मेकफाइलमधल्या (कोड बांधण्याच्या सूचनांमधल्या) फाइली, केकॉन्फिगचे (कर्नलच्या कॉन्फिगरेशनचे) पर्याय, डिव्हाइस ट्रीमधल्या (हार्डवेअरच्या वर्णनातल्या) ‘कॉम्पॅटिबल’ ओळी यांना दुवे लागतात ते या फिल्टरांमुळे. बदल गिटहब या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) म्हणून पाठवायचे असतात. परवाना एजीपीएल ३ असल्याने सुधारित एलिक्सर वेबवर लोकांसाठी चालवणाऱ्याला आपला बदललेला कोडही त्यांना खुला करावा लागतो.

फिल्टर बदलला तर पान पुन्हा उघडले की परिणाम दिसतो. शब्द तोडण्याची रीत बदलली तर मात्र सूची मुळापासून बांधावी लागते, आणि कर्नलच्या बाबतीत हे काम चहा उकळेपर्यंत संपणारे नव्हे. त्यामुळे प्रयोगासाठी ‘मसल’सारखी लहानशी सी लायब्ररी घेणे बरे.