तुरुंगातली विपश्यना आणि बंदिस्त मनोरुग्णालयातलं माइंडफुलनेस

येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे पुणेकरांच्या थट्टेत दोन्हींची सरमिसळ होते. थट्टेत ते खपून जातं. पण ‘आत असलेल्यांना ध्यान शिकवतात’ या बातमीबाबत तशीच सरमिसळ झाली, तर ती महागात पडू शकते.

१९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी विपश्यनेला बसले. शिबिर घ्यायला विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः गेले होते. दहा दिवसांचा कार्यक्रम इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन आलेल्यांच्या ओळखीचाच: पहाटे चारची घंटा, मौन, दिवसाला दहाएक तास डोळे मिटून बैठक. ही साधना आहे, उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं शिबिराचे आयोजकच सांगतात.

इंग्लंडमधल्या ब्रॉडमूर किंवा रॅम्प्टनसारख्या कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयांत मात्र नेमके असेच आजार असलेली माणसं असतात. बऱ्याच जणांच्या हातून गंभीर गुन्हाही घडलेला असतो. कानात आवाज ऐकू येणाऱ्याला तासभर शांत बसवलं, तर त्या शांततेत आवाजच मोठे होण्याची भीती. म्हणून मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक यांनी सायकोसिससाठी, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारासाठी, माइंडफुलनेसचा (या क्षणी जे जाणवतं त्याकडे नुसतं लक्ष देण्याचा) सराव जेमतेम दहा मिनिटांवर आणला. शिकवणारा अधूनमधून बोलत राहतो, लांब शांतता पडू देत नाही. आवाज घालवायचा नसतो. तो आला, गेला, एवढं पाहायचं आणि त्याच्याशी भांडायचं नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धती वापरतात. तिच्यात माइंडफुलनेस हे चार कौशल्यांपैकी एक. भावना आवरणं, संकट निभावणं आणि माणसांशी नीट वागणं ही बाकीची तीन. इथे पद्मासनाचा हट्ट नसतो. डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसलं तरी चालतं. वॉर्डात किल्ल्या खुळखुळल्या, तर त्या आवाजाकडेच लक्ष द्यायचं.

खरी मेख संमतीची आहे. शिक्षा झालेल्या कैद्याची मुदत बहुधा ठरलेली असते. मनोरुग्णालयात कायद्याने ठेवलेल्या रुग्णाची सुटका मात्र बरीचशी डॉक्टरांच्या अहवालावर अवलंबून असते. मग तो माइंडफुलनेसच्या गटात बसतो, ते स्वतःला बरं वाटावं म्हणून की फाइलमध्ये चार चांगले शब्द पडावेत म्हणून? मला वाटतं, बहुतेकदा दोन्हींसाठी. म्हणूनच ‘आज मी बसत नाही’ असं त्याला म्हणता यावं आणि त्याची नोंद ‘असहकार’ अशी होऊ नये.