किडनीचा कॅन्सर गळ्यात निघतो तेव्हा

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीमधली गाठ बहुतेक वेळा थायरॉईडचीच असते. क्वचित मात्र ती परकी निघते: मूळ कॅन्सर किडनी, फुफ्फुस, स्तन किंवा मोठ्या आतड्याचा, आणि त्याच्या पेशी रक्तातून येऊन गळ्यात रुजलेल्या. शवविच्छेदनांत फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त सापडतो, ऑपरेशन झालेल्या रुग्णांत किडनीचा.

गंमत म्हणजे जेमतेम 15 ते 25 ग्रॅमच्या या ग्रंथीला रक्त भरपूर मिळतं, तरी पाहुण्या पेशी इथे फारशा टिकत नाहीत. प्रवाहाचा वेग त्यांना टेकूच देत नसावा, असा एक जुना तर्क आहे. गॉयटर (गलगंड) होऊन सुजलेल्या ग्रंथीत त्यांचं जास्त फावतं.

किडनीचा कॅन्सर भलता चिवट. किडनी काढल्यावर 10 वर्षांनी, कधी 20 वर्षांनीही तो गळ्यात उगवतो. तोवर रुग्ण ते ऑपरेशन विसरलेला असतो आणि टीएसएचचा (थायरॉईडचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्टही बहुधा नॉर्मलच येतो. सुईने नमुना घ्यावा तर गाठीत रक्तवाहिन्या इतक्या, की सिरिंजमध्ये नुसतं रक्तच येतं आणि रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’. मग जाड सुईची बायोप्सी करावी लागते.

मायक्रोस्कोपखाली पेशी आतून रिकाम्या दिसतात, कारण त्यांतली चरबी आणि ग्लायकोजेन स्लाइड बनवताना धुऊन जातात. थायरॉईडच्या काही गाठीही अशाच दिसतात, म्हणून खास रंग वापरून प्रथिनं तपासतात. थायरॉईडच्या पेशी बनवतात ते थायरोग्लोब्युलिन नसेल आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये सापडणारं सीडी10 असेल, तर संशय किडनीवर. पॅक्स8 या प्रथिनावर इथे विसंबू नये, ते दोन्हीकडे असतं. थायरॉईडची खूण मानलं जाणारं टीटीएफ1 फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही सापडतं. शेजारच्या निरोगी ग्रंथीतून थायरोग्लोब्युलिन झिरपलं, तर तोही रंग फसवतो.

हा सगळा खटाटोप उपचारासाठी. किडनीच्या पेशी आयोडीन घेत नाहीत, त्यामुळे थायरॉईडच्या कॅन्सरवर देतात त्या रेडिओआयोडीनचा (किरणोत्सर्गी आयोडीनचा) उपयोग शून्य. रोग इतरत्र पसरलेला नसेल, तर अर्धी किंवा पूर्ण ग्रंथी काढतात. गाठ कधीकधी मानेच्या मोठ्या शिरेत शिरलेली असते, ते स्कॅनमध्ये आधीच पाहावं लागतं. पूर्ण ग्रंथी गेली, की थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या हार्मोनची) गोळी जन्मभर.

गळ्याची गाठ दाखवायला जाताना जुन्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्यावा. मेणात जपलेला तेव्हाचा तुकडा मिळाला तर उत्तमच: दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून ताडता येतात.