ब्लॉक साइझ: 2011 साली मिटलेला प्रश्न पुन्हा कसा उघडला

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळणाऱ्या ॲडमिन मंडळींना एक छोटी चौकट हमखास अडवते. झेडएफएस या फाइल सिस्टमचं स्टोरेज जोडताना 'ब्लॉक साइझ', म्हणजे डिस्कची जागा केवढ्या तुकड्यांत वाटायची, ते विचारलं जातं आणि तिथे काय भरायचं ते कळत नाही. नव्या मुलांचं एक वेळ समजू शकतं, त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पण जुने लोक जास्त गोंधळतात, कारण त्यांना एक उत्तर पाठ आहे आणि ते इथे चालत नाही.

ते उत्तर म्हणजे '8 एमबी घ्या आणि मोकळे व्हा'. व्हीएमएफएस ही व्हीएमवेअरची फाइल सिस्टम. तिची तिसरी आवृत्ती 2006 साली ईएसएक्स 3 या त्यांच्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आली. डेटास्टोर, म्हणजे व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा, बनवताना 1, 2, 4 आणि 8 एमबी असे चार पर्याय समोर येत आणि त्यावर व्हर्च्युअल डिस्क (व्हीएमची डिस्क, प्रत्यक्षात एक फाइल) किती मोठी होऊ शकेल ते ठरे. 1 एमबीला 256 जीबी, 2 ला 512 जीबी, 4 ला 1 टीबी आणि 8 ला 2 टीबी, तेही 512 बाइट कमी. एका फाइलसाठी 2,62,144 ब्लॉकांचे पत्ते ठेवता येत, त्यामुळे ब्लॉक दुप्पट केला की मर्यादाही दुप्पट. मात्र एकदा निवडलेला आकार नंतर बदलता येत नसे. बदलायचाच तर सगळी व्हीएम दुसरीकडे हलवून डेटास्टोर नव्याने फॉरमॅट करायचा.

2006 मध्ये 256 जीबीची व्हर्च्युअल डिस्क म्हणजे चैनच होती, त्यामुळे बहुतेकांनी डिफॉल्ट 1 एमबी ठेवलं. मेल आणि फाइल सर्व्हर फुगले तेव्हा ते अंगाशी आलं. त्यात 2009 च्या ईएसएक्स 4 चा इन्स्टॉलर लोकल डेटास्टोर न विचारता 1 एमबीनेच बनवी. ईएसएक्स सांभाळायच्या सर्व्हिस कन्सोलची डिस्कही त्याच डेटास्टोरवर असली की तो पुसायची सोय नाही. मग इन्स्टॉलरच्या आतली पायथनची फाइल उघडून 1 च्या जागी 8 लिहायचं, असे उद्योग सुरू झाले.

सगळ्यात फसवी अडचण स्नॅपशॉटची, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची. समजा व्हीएमचं मूळ फोल्डर 1 एमबीच्या डेटास्टोरवर आहे आणि तिची 300 जीबीची डेटा डिस्क 8 एमबीच्या. व्हीएम महिनोन्‌महिने सुरळीत चालते. एका रात्री बॅकअप सुरू होतो आणि स्नॅपशॉट घ्यायला जातो. स्नॅपशॉटच्या फाइल्स एरवी मूळ फोल्डरमध्येच बनत. त्या वाढून 300 जीबीपर्यंत जाऊ शकतात आणि तिथली मर्यादा 256, म्हणून ईएसएक्स ठाम नकार देई. फाइल डेटास्टोरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, असा निरोप येई. डेटा डिस्कच्या डेटास्टोरवर भरपूर जागा दिसत असे, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसे.

मोठा ब्लॉक घेतला की जागा वाया जाते किंवा वेग घटतो, हा समज तेव्हा पक्का होता, आणि बऱ्याच अंशी चुकीचा. व्हीएमने 4 केबी लिहिलं तर खाली 4 केबीच लिहिलं जाई, 8 एमबी नाही. ब्लॉक फक्त जागा राखून ठेवण्यापुरता होता. बारीक फाइल्ससाठी 64 केबीचे सब-ब्लॉक वेगळे होतेच. म्हणून सरसकट 8 एमबीचा सल्ला योग्य होता. शिवाय सगळीकडे एकच आकार ठेवण्याचा फायदा 2010 मध्ये उघड झाला. कॉपीचं काम स्टोरेज ॲरेवर (डिस्कांच्या वेगळ्या यंत्रावर) सोपवणारं व्हीएएआय हे तंत्र आलं, पण दोन डेटास्टोरचे ब्लॉक वेगळे असले तर ते बाजूला राही आणि जुन्या संथ मार्गाने कॉपी होई.

2011 च्या व्हीएमएफएस-5 ने ही निवडच काढून टाकली. ब्लॉक सगळ्यांना 1 एमबी, सब-ब्लॉक 8 केबी. पत्त्यांच्या नोंदीत एक पायरी वाढवली, त्यामुळे लहान ब्लॉकवरही मोठी फाइल मावू लागली. जुना डेटास्टोर अपग्रेड केला तर त्याचा जुना ब्लॉक मात्र तसाच राही, त्यामुळे ही भुतं आणखी काही वर्षं रेंगाळली. 2016 च्या व्हीएमएफएस-6 मध्ये 1 एमबीबरोबर 512 एमबीचे मोठे ब्लॉक आले, पण ते सिस्टम स्वतःच वापरते, आपल्याला विचारत नाही.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स बंद केली आणि अनेक लहान ऑफिसांनी पर्याय शोधले. ती थेट झेडएफएसच्या दारात आली. इथला ब्लॉक नुसती जागा राखत नाही, चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा आकडा) आणि पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवून देणारी जादा नोंद) त्याच्यावरच बेतलेली असते. 16 केबीच्या ब्लॉकमध्ये व्हीएमने 4 केबी बदलले की अख्खा ब्लॉक नव्याने लिहावा लागतो. म्हणजे मोठा ब्लॉक इथे खरोखर महाग पडतो.

आणि फार लहान ब्लॉकही महागच. रेडझेड-2 मध्ये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणाऱ्या झेडएफएसच्या रचनेत, 4 केबीच्या सेक्टरवर (डिस्कवरच्या सगळ्यात लहान तुकड्यांवर) 8 केबीचा ब्लॉक लिहिला तर दोन सेक्टर डेटा आणि दोन पॅरिटी. पण जागा तीनच्या पटीत दिली जाते, म्हणून चाराचे सहा होतात. 8 केबीसाठी 24 केबी! सहा डिस्कांच्या पूलमध्ये (एकत्र जोडलेल्या साठ्यात) दोन-तृतीयांश जागा हाती लागेल असं धरलेलं असतं, मिळते एक-तृतीयांश. त्याच पूलमध्ये 16 केबी घेतले की चार आणि दोन मिळून बरोबर सहा, वाया काही नाही. झेडएफएसच्या ओपनझेडएफएस या मुक्त रूपाच्या 2.2 आवृत्तीने 2023 मध्ये डिफॉल्ट 8 वरून 16 केबी केलं ते उगीच नाही. सेक्टरचा आकार ठरवणारी ॲशिफ्टची सेटिंग वेगळी. 4 केबीसाठी ती 12 असते आणि डिस्क पूलमध्ये जोडतानाच ठरते.

स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ब्लॉक साइझ आज बदलली तरी फक्त नव्या डिस्कना लागू होते. आधीच्या व्हीएमसाठी डिस्क दुसऱ्या स्टोरेजवर हलवून परत आणावी लागते किंवा बॅकअपवरून रिस्टोअर करावी लागते. झेडएफएस सेंड या कमांडने पाठवली तर जुना आकारच सोबत जातो.